सूज मोजणाऱ्या सिस्टर

"हात."

एवढंच म्हणायच्या त्या. "हात दाखवा बरं" नाही, "जरा बाही वर करता का" नाही. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत त्याचं मनगट सिस्टरांच्या मुठीत गेलेलं असायचं आणि बॉलपेनचं टोपण त्यांच्या दातांत. मग चाचणीच्या किंवा इंजेक्शनच्या जागी जी सूज आली असेल तिच्याभोवती निळं कडं काढायचं, प्लॅस्टिकची पट्टी लावून मोजायचं आणि शेजारी वेळ लिहायची. कागदावर नाही, कातडीवर. एकदा एका नव्या नवरीच्या मेंदीवरच त्यांनी कडं ओढलं. सासू कळवळली, "अहो सिस्टर, परवाच लग्न झालंय तिचं!"

"मग सुजेला सांगा, सत्यनारायण होईपर्यंत थांब म्हणून," सिस्टर म्हणाल्या आणि पट्टी लावली.

नाशकात गंगापूर रोडला आमचा अ‍ॅलर्जीचा दवाखाना. डॉक्टर एक, सिस्टर एक आणि काउंटरवर मी. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले. मधे फक्त एक काचेची खिडकी. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा त्यांचं नाव घ्यायची खरी वेळ आली होती, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आता कागदावर मिरवायचा मला अधिकार नाही.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. बाहेरून फणस, आतून गरे, असं आपण त्यांच्याबद्दल लिहितो आणि आपल्यालाच बरं वाटतं. आमच्या सिस्टर तशा नव्हत्या. बाहेरून फणस आणि आतही फणसच. लहान मूल रडायला लागलं की म्हणायच्या, "रड. मोठ्यानं रड. फुप्फुसं उघडतात." आई चिडायची, मूल घाबरून गप्प व्हायचं, तेवढ्यात सुई टोचून झालेली असायची. मग आई बाहेर येऊन माझ्याजवळ रडायची. मी पाणी द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. मला ते छान जमतं. मी गोड बोलते. काउंटरवरच्या बाईला तेवढ्याचाच पगार असतो.

"तुझ्या गोड बोलण्यानं आजवर एकाची तरी सूज उतरली का गं?" सिस्टर खिडकीतून विचारायच्या. उत्तराची वाट बघायच्या नाहीत.

आमच्याकडे यायचे त्यांतल्या बऱ्याच जणांना दर मंगळवारी इंजेक्शन असायचं. ज्या धुळीचं, ज्या परागांचं वावडं, तेच थेंबथेंब अंगात घालायचं, दर आठवड्याला किंचित वाढवत. शरीराला सवय लावायची. पण शरीर कधीकधी सवय लावून घेत नाही, अंगावर येतं. म्हणून नियम असा, की इंजेक्शननंतर अर्धा तास सगळ्यांनी बसायचं. सूज ठराविक मापापेक्षा मोठी आली तर संध्याकाळी सहापर्यंत. आणि पुढच्या मंगळवारी डोस वाढवायचा की नाही, तेही त्या निळ्या कड्यावरून ठरायचं. कडं लहान, डोस वर. कडं मोठं, डोस तिथंच.

लोक कसले बसतात! प्रत्येकाला घाई. म्हणून सिस्टरांनी एक पद्धत काढली होती. दाराबाहेर काढलेल्या चपला त्या स्वतः उचलून आत आणायच्या आणि आपल्या टेबलाखाली ठेवायच्या. अर्धा तास झाला, कडं मोजलं, की चप्पल परत. विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी होते, मोठी गाडी, मोठा आवाज. कांद्याच्या टरफलानं शिंकून शिंकून बेजार झालेले. ते एकदा म्हणाले, "ठेवा तुमच्याकडं चपला, मी दुसऱ्या घेईन," आणि मे महिन्याच्या भर दुपारी अनवाणी निघाले. गाडी समोरच्या बाजूला उभी होती. अर्ध्या रस्त्यातून नाचत नाचत परत आले. अख्खी वेटिंग रूम हसत होती.

सिस्टर हसल्या नाहीत. "पाय भाजले? बसा. अजून अठरा मिनिटं आहेत."

पण एक सांगते, कुणी नीट विचारलं की त्या नीट सांगायच्या. मोठं कडं आलं म्हणून एकदा सहापर्यंत बसवलं, तेव्हा व्यापाऱ्यानंही विचारलं होतं. "सूज तर उतरली माझी, मग बसवता कशाला?"

"उतरली ती पहिली," सिस्टर म्हणाल्या. "ऐका. रक्तात पांढऱ्या पेशी वाहत असतात. आपल्या वाटेनं चाललेल्या, कुणाच्या अध्यात नाहीत नि मध्यात नाहीत. तुमच्या नाकात धूळ गेली की आधीपासून दबा धरून बसलेल्या काही पेशी आरडाओरडा करतात. शिंका, खाज, ही समोरची सूज, सगळं त्यांचं. पाच-दहा मिनिटांचा खेळ. पण त्या ओरड्यानं रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर हुक उगवतात. वाहणाऱ्या पेशी त्यांना अडखळतात, भिंतीवरून गडगडत जातात, मग घट्ट चिकटतात, आणि मग फटीतून अंग चोरून बाहेर. तुमच्या नाकात, तुमच्या छातीत. याला चार तास लागतात, सहा लागतात. ओरडणारे पाहुणे चहा पिऊन निघून जातात शेटजी. चिकटणारे मुक्कामाला येतात. मी मुक्कामाच्या पाहुण्यांना भिते."

व्यापारी सहापर्यंत बसले. निघताना मला म्हणाले, "बाई खडूस आहे, पण समजावते भारी."

हे सगळं त्या कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. डॉक्टर परिषदांना जायचे, येताना छापील कागदांचे गठ्ठे आणायचे आणि रद्दीत टाकायचे. सिस्टर रद्दीतून काढून वाचायच्या. शब्दकोश घेऊन. डबा उभ्यानं खायच्या, एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात तो कागद. लग्न केलेलं नव्हतं. देवळाली कॅम्पात एका खोलीत राहायच्या, बसनं यायच्या-जायच्या. एकदा त्या आल्या तर डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कडीच कडी. धुळीचा अर्क त्यांनी सकाळी स्वतःलाच टोचून घेतला होता. दिवसभर मला हात लावू दिला नाही. चार वाजता खिडकीतून हात पुढे केला.

"बघ. सकाळी वाटाण्याएवढी होती. विरली. आता बघ."

सूज पुरीएवढी झाली होती. लाल, टणक.

"बाई गं! दुखतंय का सिस्टर?"

"दुखतंय तर. तू बघ आधी. या त्याच, चिकटून आत आलेल्या." त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की कुणाला वाटावं बारसं आहे.

डॉक्टरांना त्या छळायच्या. डॉक्टर चांगले होते, म्हणजे कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. सिस्टरांनी एकदा त्यांना जिन्यात गाठलं. "सर, ते हुकच झाकून टाकायचं औषध नाही का निघत? चिकटूच द्यायचं नाही."

"निघालंय तसं. दुसऱ्या आजारांसाठी," डॉक्टर म्हणाले. "पण मग खरोखरचे जंतू आले की त्याच पेशींना उतरायला जागा राहत नाही. काही जणांच्या मेंदूत संसर्ग पसरला. जपून वापरावं लागतं."

सिस्टर दोन पायऱ्या खाली उतरल्या, थांबल्या. "म्हणजे चिकटणं वाईट नाही. कुठं चिकटायचं ते चुकतं."

"आता दम्यासाठी नवी इंजेक्शनं आलीत. त्या पेशींना बोलावणारा निरोपच मधे अडवतात. चांगली आहेत. पण आपल्या हरसूलच्या शिबिरातल्या पेशंटना कशी परवडणार? तोवर स्टिरॉइड. हुक उगवणं तेच कमी करतं."

"आणि सर्दीची पांढरी गोळी?"

"ती फक्त ओरडणाऱ्यांची तोंडं बंद करते."

हे सगळं मी काउंटरवर बसून ऐकलं. माझ्या देखत बोलणं झालं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं मला म्हणता येत नाही.

नाशकापासून लांब, आदिवासी भागातल्या हरसूलला डॉक्टरांचं शिबिर झालं होतं. तिथल्या चार-पाच जणांना इंजेक्शनं फुकट द्यायचं ठरलं. त्यांत एक बाई होती. हरसूलच्या पुढच्या पाड्यावरची, तिशीची, काटक. बाजारात नागली, म्हणजे नाचणी, विकायची आणि नागली पाखडता पाखडता तिचा श्वास कोंडायचा. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. दहा वर्षांची एक मुलगी. इंजेक्शनांनी बरं वाटलं तर धंदा चालू राहणार, नाहीतर घरी बसायचं. ती मंगळवारी पहाटे निघायची, अकराला पोचायची आणि साडेतीनची बस धरायची. ती बस चुकली की पुढची अर्ध्या वाटेपर्यंतच, आणि तिथून अंधारात पायी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मंगळवारी तिच्या दंडावर भलंमोठं कडं आलं. सिस्टरांनी दोन्ही वेळा सहापर्यंत बसवलं. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आली. "ताई, सोडा वो. मागल्या टायमाला अंधार झाला तर धन्यानं दार नाय उघडलं. ओट्यावर निजले मी. आता म्हनतो, पुन्यांदा अंधार केलास तर दवाखाना बंद."

मी आत जाऊन सिस्टरांना सांगितलं. त्यांनी बाईला बोलावलं.

"नवऱ्याला घेऊन ये पुढच्या वेळी. त्याच्याही दंडावर कडं काढते."

"तो नाय येत."

"मग बस इथं. वाटेत मेलीस तर घरी उजेडातच नेतील तुला. तेव्हा दार उघडेल तो."

बाई रडली नाही. खाली बघत बाकावर जाऊन बसली. तिच्या चपला सिस्टरांच्या टेबलाखाली होत्या. माझं डोकं सणकलं. म्हटलं, हिला काळीज आहे की पट्टी आहे आत? त्या संध्याकाळी ती सहा वाजता निघाली तेव्हा मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि कानात म्हटलं, "पुढच्या मंगळवारी आलीस की आधी मला भेट. तुझी बस चुकणार नाही."

काउंटरच्या खणात सँपलच्या गोळ्या असायच्या. सर्दीची पांढरी, छोटी. फोनवर प्रत्येक नव्या पेशंटला मीच पोपटासारखी सांगायचे, "चाचणीच्या किंवा इंजेक्शनच्या आधी सर्दीची गोळी घ्यायची नाही हं, सूज दबते, मोजता येत नाही." चौथ्या मंगळवारी ती नवऱ्याच्या हातापाया पडून पुन्हा आली, तेव्हा तीच गोळी मी तिच्या हातावर ठेवली. सोबत चहा दिला.

बारा वाजता इंजेक्शन. साडेबाराला सिस्टर म्हणाल्या, "हात." कडं हरभऱ्याएवढं होतं. त्यांनी पट्टी दोनदा लावली. "अरे वा. शहाणी झाली बाई." टेबलाखालून चपला काढल्या आणि तिच्या पायांपुढे ठेवल्या. स्वतः वाकून. कुणासाठी त्या असं करताना मी पाहिलं नव्हतं.

बाई जाताना माझ्याकडे बघून हसली. मला केवढा आनंद झाला! दोन हुशार बायकांनी एका खाष्ट बाईला फसवलं, असा तो आनंद होता. त्या दिवशी मी घरी जाताना गजरा घेतला, हे आजही आठवतं आणि लाज वाटते.

पाचव्या मंगळवारी गोळी, चहा, लहान कडं, डोस वर. सहाव्या मंगळवारी तेच. सिस्टर खूश होत्या, आणि त्यांचं खूश होणं म्हणजे अवघडच प्रकार, त्या एकट्याच मान हलवायच्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, हरसूलची बाई घेतेय डोस. शरीर ऐकायला लागलंय तिचं." तिला म्हणाल्या, "पावसाळ्यापर्यंत तू गिरणीत उभी राहशील, बघ. एक शिंक येणार नाही." बाईनं पदरानं डोळे पुसले. मी खिडकीतून बघत होते. मला त्या क्षणी सांगता आलं असतं. पण मग बस चुकली असती, नाही का? आणि मी वाईट ठरले असते.

सातव्या मंगळवारी डोस बराच वर गेलेला होता. गोळी दिली. कडं लहान. साडेतीनची बस मिळाली, उजेडात घरी पोचली. नवऱ्यानं काही म्हटलं नाही. दिवेलागणीला चूल पेटवता पेटवता तिला धाप लागली. जीप मिळेपर्यंत ओठ निळे पडले होते. घाट उतरायच्या आत ती गेली.

बुधवारी सकाळी फोन मी उचलला. पलीकडून तिचा दीर बोलत होता. "तुमच्या इंजेक्शनानं बाई मेली आमची." मी "थांबा हं, डॉक्टरांना देते" म्हटलं. गोड आवाजात. सवयीनं.

गुरुवारी पाड्यावरचे पंधरा-वीस लोक आले. नवरा पुढे, मागे त्याचे भाऊ, आणि शाळेच्या गणवेशात ती मुलगी. डॉक्टरांचा शर्ट घामानं चिकटला होता. सिस्टर आपली वही घेऊन बाहेर आल्या, सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या.

"दुसऱ्या आठवड्यात अठरा मिलिमीटर. तिसऱ्यात वीस. मग एकदम पाच, सहा, पाच, सहा. डोस वाढतोय आणि सूज एका आठवड्यात बसतेय? असं होत नाही. हे मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं. मला हवं होतं तेवढंच मी बघितलं." त्यांनी वही मिटली. "हिला येण्याआधी कुणीतरी गोळी देत होतं. ओरडणारे गप्प झाले, म्हणून आपल्याला वाटलं सगळं ठीक आहे. चिकटणारे चिकटत राहिले. कुणी दिली गोळी?"

नवरा उसळला. "आता मेलेलीवर घालता व्हय? तिला ओट्यावर निजायला कुनी लावलं? तिला मरशील म्हनून कोन बोललं? ही बया बोलली! घरी येऊन सांगायची ती!"

"मी बोलले," सिस्टर म्हणाल्या. "पण गोळी कुणी दिली?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुला काही माहीत आहे का?"

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. पंधरा-वीस माणसं बघत होती.

"नाही सर," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. "बिचारी किती साधी होती. ती कशाला चोरून गोळी घेईल?"

घोळक्यातून कुणीतरी हुंदका दिला. एक म्हातारी पुढे आली आणि तिनं माझा हात धरला. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. सुजेकडे बघायच्या तसं, मापात. मग त्या आत गेल्या.

कुणी त्यांचं ऐकलं नाही. का ऐकावं? नवरीच्या मेंदीवर रेघोट्या ओढणारी, पोरांना रडवणारी, लोकांच्या चपला लपवणारी बाई आपली चूक मेलेल्या बाईवर ढकलतेय, हे सगळ्यांना सहज पटलं. डॉक्टरांनाही. गावच्या मोठ्या माणसांना मध्यस्थ घालून त्यांनी प्रकरण मिटवलं. पाड्याची अट एकच होती, ती सिस्टर पुन्हा या दवाखान्यात दिसता कामा नये. शनिवारी त्या आपली पट्टी, शब्दकोश आणि डबा घेऊन गेल्या. मी म्हटलं, "येत जा सिस्टर." खरंच म्हटलं हो असं मी.

नाशकात कुणी त्यांना पुन्हा कामावर घेतलं नाही. असल्या बातम्या दवाखान्यांतून वाऱ्यासारख्या फिरतात.

दोन वर्षांनी मी देवळाली कॅम्पला गेले. एका निवृत्त सुभेदारांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, तिचं हगणं-मुतणं काढायचं काम सिस्टर करत होत्या. दारात आल्या, हात पुसत. आत या म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहून सगळं सांगितलं. रडत सांगितलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"‘बिचारी साधी होती’ म्हणालीस तेव्हापासून. तुला तेवढं विचारलंच नव्हतं."

मी पायांवर वाकायला गेले, तर त्या मागे सरकल्या.

"चोरून द्यायचीच होती तर स्टिरॉइडची तरी द्यायचीस. निदान चिकटणाऱ्यांवर चालली असती. बारा वर्षं माझ्या शेजारी बसून एवढंही कानात शिरलं नाही तुझ्या?"

"माफ करा हो सिस्टर."

"नाही करणार."

आतून म्हातारीनं हाक मारली. त्यांनी "आले" म्हणून ओरडून सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. तुला हलकं व्हायचंय म्हणून आलीस. हरसूलला जा. ती पोर मोठी होतेय. तिला वाटतंय, तिच्या आईला मी मारलं. तिला सांग."

"जाते."

"नाही जाणार तू," म्हणाल्या आणि दार लावलं.

आणि मी गेले नाही. आधी माझ्या मुलाची दहावी होती. मग सासऱ्यांचं ऑपरेशन. मग दवाखान्यात नवी सिस्टर आली, तिला शिकवायचं होतं. ही चांगली आहे, हसतमुख, चपला-बिपला काही नाही. आता काही पेशंटना ती नवी इंजेक्शनंही देतो आम्ही, पेशींना येणारा निरोप अडवणारी. दोघा-तिघांचा दमा खरोखर हटलाय. दरवेळी ती कुपी फ्रीजमधून काढताना वाटतं, हे बघायला त्या हव्या होत्या. लगेच दुसरं काही काम काढते मी.

मागच्या पावसाळ्यात कॅम्पातला एक पेशंट बोलता बोलता म्हणाला, "तुमच्याकडच्या त्या जुन्या सिस्टर गेल्या की हो. कावीळ झाली होती. चार माणसंसुद्धा नव्हती." माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? सुटले. देवाशपथ, हाच शब्द आला. आता जगात कुणालाच ठाऊक नाही. दिवसभर मी नीट काम केलं, हसलेसुद्धा. संध्याकाळी भाजी निवडताना मात्र लक्षात आलं, पानं मी कचऱ्यात टाकत होते आणि देठं पातेल्यात. त्या आठवड्यात मी हरसूलची बस धरली.

बाजाराचा दिवस होता. मुलीला शोधावं लागलं नाही. बाजाराच्या कडेला ताडपत्रीखाली शिवणयंत्र घेऊन बसली होती, वीस-एक वर्षांची, ब्लाउजला काज करत. मी समोर उभी राहिले तर तिनंच ओळखलं.

"दवाखान्यातल्या ताई ना तुम्ही? आई लय नाव काढायची तुमचं. म्हनायची, त्या दवाखान्यात एकच मानूस हाय."

मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "तुला सांगायला आलेय. तुझ्या आईला गोळी मी देत होते. सिस्टर म्हणत होत्या ती गोळी."

"बस भेटावी म्हनून ना?"

"हो, पण त्या गोळीमुळेच ती गेली. सिस्टरांची चूक नव्हती."

"कसली गोळी होती?"

"सर्दीची."

ती हसली. दुःखानं नाही, आपण लहान मुलाला हसतो तशी. "सर्दीच्या गोळीनं कुनी मरतं का ताई? आमच्या पाड्यात आशाताई वाटते त्या गोळ्या."

मी सांगायला लागले. पेशी, भिंत, हुक. ओरडणाऱ्या आणि चिकटणाऱ्या. बारा वर्षं ऐकलेलं सगळं सांगितलं आणि त्यातलं काहीसुद्धा माझ्या तोंडून नीट निघेना. सिस्टरांनी दोन मिनिटांत तिच्या गळी उतरवलं असतं. मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. मुलगी मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं, पण भलत्याच कारणानं.

"ती बया मेली का?" तिनं मधेच विचारलं.

"हो. एवढ्यातच."

"तरीच." तिनं शेजारच्या भाजीवालीला हाक मारली. "मावशे, बघ गं. या आईच्या दवाखान्यातल्या ताई. आईला बस सापडावी म्हनून जिवाचं रान करायच्या. आन् आता ती सिस्टर मेली, तर तिचं पाप बी आपल्या अंगावर घ्यायला नाशकाहून आल्यात."

"नाही गं, तसं नाही. खरंच मीच..."

"असूं द्या ताई. मी तिला शिव्या देनार नाय आता. तुमी एवढ्या लांबून आल्या, तुमच्यासाठी सोडलं तिला." भाजीवालीनं मला हात जोडले. अजून दोघी-तिघी जमल्या. मी पुन्हा "मीच" म्हटलं, पण हळू. मला माझाच आवाज ओळखू आला. तोच तो, काउंटरवरचा. या आवाजात सांगितलेलं वाईट कुणाला पटत नाही.

मुलगी यंत्रामागून उठली, पदर खोचला आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.